रंजीताचा नाच आणि सुकलूचे बैल

ऊर्जानगरच्या कॉलनीत बाईमाणसाने कंबर हलवावी ती दोनच निमित्तांनी, असा अलिखित नियम आहे. एक, हळदीला डीजेसमोर. आणि दोन, डॉक्टरने सांगितलं म्हणून. रंजीता मांढरेची सुरुवात दुसऱ्या निमित्ताने झाली, त्यामुळे बरेच दिवस कुणाला संशय आला नाही.

तिची पिशवी काढली होती. ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, पण त्यानंतर तिचं पोट तिचं राहिलं नाही. ते साऱ्या कॉलनीचं झालं. भाजीच्या गाडीपाशी, दळणाच्या गिरणीत, कुणीही भेटलं की आधी पोटाकडे बघायचं आणि मग तोंडाकडे. "वजन उचलू नोको वं." "वातूळ खाऊ नोको." नवरा अजय पॉवर स्टेशनात टर्बाइनवर ऑपरेटर. त्याने तर एवढी काळजी घेतली की आपली गादीच बाहेरच्या खोलीत नेली. शिफ्टच्या गजराने हिची झोप मोडायला नको. काळजीनेच गेला तो. पण गेला. टाके सुकून वर्ष उलटलं तरी गादी काही परत आली नाही, आणि अशी गोष्ट मागून आणायची कशी, हे कुठल्याच बाईला कुणी शिकवत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, कमरेचे हलके व्यायाम करा. रंजीताने मोबाइलवर तेवढंच शोधलं. मोबाइलने दोन योगासनं दाखवली, एक तेलाची जाहिरात दाखवली आणि मग आपल्याच मनाने एक बाई आणून उभी केली. मिसर देशातली, साठीच्या घरातली, अंगाने चांगली भरलेली. तिच्या मागे ओटा, ओट्यावर कढई, कमरेला गाठ मारलेला रुमाल. कुठूनतरी ढोलकीसारखं काही वाजत होतं आणि ती बाई, कुठेही जायची घाई नसल्यासारखी, नुसतं पोट फिरवत होती. रंजीता आरमोरीच्या मासेमाराची लेक. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यातून डोंगा गेला की मागे एक लाट निघते आणि कुणाला त्रास न देता काठापर्यंत पोचते, तशी लाट त्या बाईच्या पोटावरून निघून खांद्यापर्यंत जात होती. बाई हसत होती. कॅमेऱ्याकडे बघून नाही. स्वतःशीच.

रंजीताने तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा लावला. डाळीने उतू जाऊन गॅस विझवला तेव्हा ती भानावर आली, आणि तिला कळेना की आपल्याला एवढं रडू कशाचं येतंय. डाळीचं तर नक्कीच नव्हतं.

चंद्रपुरात तुकूमला एका मोबाइलच्या दुकानावर रिना नावाची मुलगी नाचाचा क्लास घेते. बंगलोरला शिकून आलेली, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. रंजीता तिथे 'सहज चौकशीला' गेली आणि दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागली. पहिल्याच दिवशी रिनाने तिच्या पोटावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "काकू, आत कावून घेऊन राह्यल्या? सोडा ना."

रंजीता बघतच राहिली. न्हाण आल्यापासून आई, आत्या, सासू, ब्लाउज शिवणारी, फोटो काढणारा, सगळ्यांनी तिला पोट आत घ्यायलाच सांगितलं होतं. सोड म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. तिने सोडलं. आभाळ काही कोसळलं नाही. खाली रस्त्यावर ऑटोवाला ओरडत होता, तो तसाच ओरडत राहिला.

आता पंचाईत अशी की क्लासमधला आरसा लहान होता आणि त्याच्या अर्ध्या भागापुढे खांब आला होता. त्यामुळे रंजीताला नाचताना कधी स्वतःचा खांदा दिसे, कधी कंबर. अख्खी रंजीता काही दिसेना. आपण पूर्ण कशा दिसत असू, हे कुणीतरी एकदा बघावं, असं तिला वाटू लागलं. ही फार वाईट भूक. पोट भरल्यावर लागते आणि कशानेच भागत नाही.

कुरिअरने लाल रंगाचा कमरपट्टा आला. ओढणीएवढा, त्याला पिवळ्या चकत्यांच्या रांगाच रांगा. अजय पहिल्या पाळीला गेला की रंजीता पडदे ओढून स्वयंपाकघरात सराव करी. क्वार्टरच्या भिंती मात्र सरकारी मनाच्या. कुणाचंच काही झाकत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारच्या रंभाबाई दारात उभ्या.

"रंजीता, तुया घरी बकरी बांधली हाय का वं?"

"बकरी? नाई बा."

"मंग दुपारी घुंगरू कोणाचे वाजून राह्यले? पाह्य बाई, क्वार्टरात जनावर ठेवाले मनाई हाय. मी कोणाले सांगत नाई, पण दूध देत असन तं अर्धा लिटर मले."

"बकरी नाई, मीच हावो," रंजीता म्हणाली, आणि बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की हे वाक्य फारसं खुलासेवार झालं नाही. शेवटी तिने पट्टा बांधला आणि करूनच दाखवलं. रंभाबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मग त्यांनी कलेच्या इतिहासात आजवर कुणी विचारला नसेल असा प्रश्न विचारला.

"यानं गॅस जाते का?"

"जात असन."

झालं. आठवडाभरात रंजीताच्या स्वयंपाकघरात दुपारी ब्लॉकमधल्या सगळ्या बायका जमू लागल्या. कुणाला पोट कमी करायचं होतं, कुणाला शुगर, एकीला तर सुनेपासून दोन तास लांब राहायचं होतं. गुडघे दुखणाऱ्या खुर्चीवर बसून नुसती मान हलवत. बेंबीत हिंग घातल्याशिवाय हा व्यायाम लागू पडत नाही, असा शोध रंभाबाईंनी लावला, आणि त्यानंतर रंजीताच्या स्वयंपाकघराला फोडणीचा वास सुटला. तिची ती लाट, तो डोंगा, ती मिसरची बाई, सारं त्या गर्दीत कुठे बुडालं ते कळेना. ती मात्र तोंडाने मोजत राहिली, "उजवीकडे, डावीकडे, कमळाताई, मान नाई, कंबर."

एका दुपारी बायका गेल्यावर रंभाबाई मागे रेंगाळल्या. "एक सांगू का? आमी पोट हालवतो ते वेगळं, अन् तू हालवते ते वेगळं. तू तिथी कुठीतरी जाऊन येते. तान्ह्या पोळ्याच्या कार्यक्रमात करून टाक ना."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पोरांच्या लाकडी बैलांचा सण, आणि रंभाबाई गमतीनेच बोलल्या होत्या. पण रंजीताने रात्रीच्या पोळ्या लाटताना तेच घोळवलं, आणि त्या दिवशी एकही पोळी गोल झाली नाही.

कॉलनीच्या सांस्कृतिक समितीचे सचिव प्रफुल निखाडे. माणूस सज्जन, पण रकाना दिसल्याशिवाय त्यांना माणूस दिसत नाही.

"वहिनी, हे टाकू कशात? लोकनृत्य, शास्त्रीय, का फिल्मी?"

"लोकनृत्यच म्हणा."

"कोणत्या लोकायचं?"

"मिसरच्या."

"कोण मिश्रा? बॉयलर मेंटेनन्सवाले?"

"मिसर देश, भाऊ. इजिप्त."

प्रफुलभाऊंनी पेन खाली ठेवलं. "परदेशी हाय तं मंग वरची परवानगी लागन. अन् संहिता द्या, तीन प्रतीत."

"नाचाची संहिता?"

"सगळ्याले लागते. मागच्या वर्षी एकानं साहेबाची नक्कल केली, अन् साहेब पहिल्या रांगेत होते."

रंजीताने घरी येऊन, वर 'बेली डान्स' असं नाव घालून, संहिता लिहिली. 'पोट गोल फिरते. मग थांबते. मग खांदे. मग पुन्हा पोट. यात कोणाचाही अपमान होत नाही.' शेवटचं वाक्य तिला स्वतःला फार आवडलं.

परवानगी येईना. प्रफुलभाऊ म्हणत वर आहे; वर विचारलं तर म्हणत खाली पाठवलं. वर आणि खाली यांच्या मध्ये रंजीताचं पोट लटकत राहिलं. आणि पोळा जवळ आलेला असताना एके दिवशी कागद हातात पडला: 'सौ. रंजीता अजय मांढरे यांच्या बैल डान्स (पारंपरिक) या कार्यक्रमास मंजुरी देण्यात येत आहे. बैलांच्या लसीकरणाचा दाखला जोडावा.'

झालं असं होतं की टंकलेखन करणाऱ्या भल्या माणसाने विचार केला, तान्ह्या पोळ्याला 'बेली' कशाला असेल, बाईंची मात्रा चुकली असेल. त्याने ती सद्भावनेने सुधारली. वर बसलेल्यांनाही इतक्या वर्षांत प्रथमच पोळ्याला साजेसा कार्यक्रम आल्याचं समाधान वाटलं आणि त्यांनी लगेच सही केली.

रंजीता दुरुस्तीला धावली. प्रफुलभाऊ म्हणाले, "दुरुस्ती कराची तं पुन्हा मीटिंग. अन् मीटिंग आता पोळ्यानंतर."

रंभाबाईंचा सल्ला सरळ होता. "मंजूर झालं ना? मंग चूप राह्य. माह्याच लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्याचं नाव चुकलं होतं. तरी लगन लागलंच ना वं!"

रंजीताने दुरुस्तीचा नाद सोडला. या वयात धाडस करून एक गोष्ट मागावी आणि ती बैलाच्या नावाने मिळावी, याची लाज गिळायला तिला दोन दिवस लागले. पण स्टेज मिळत होतं. नावाचं काय, असं चुकलेलं नाव तरी आजवर आपल्या वाट्याला कुठे आलं होतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

दाखला जोडायचा तर बैल हवेत. प्रफुलभाऊंनी नाल्यापलीकडच्या गावातून सुकलू नावाच्या शेतकऱ्याची जोडी ठरवून टाकली. सुकलू स्वतः भेटायला आला. दारातच उभा राहिला, पाणी प्यायला आणि गंभीरपणे म्हणाला, "बाई, आधीच सांगून ठेवतो. माह्या बैलायले नाच येत नाई. मागून बोल नोको."

"मले येते," रंजीता म्हणाली.

"मंग ठीक हाय. ते उभे राह्यतीन, तुमी नाचा."

साऱ्या प्रकरणात तिला नीट समजून घेणारा हा पहिला माणूस.

घरी अजून सांगायचं होतं. रोज वाटे, आज सांगू. अजय जेवायला बसे, ताटात बघे, टीव्हीत बघे, घड्याळात बघे. या तिघांच्या मधून वाट काढून त्याच्या नजरेत शिरायचं म्हणजे वाघाच्या जंगलातून मोहफुलं वेचून आणण्यासारखं. शेवटी त्याला कळलं ते कॉलनीच्या गेटवरच्या फ्लेक्सवरून. एका बाजूला रंजीताचा रेशनकार्डावरून उचललेला फोटो, दुसऱ्या बाजूला त्याच आकाराचा बैलाचा.

दुपारी दुसऱ्या पाळीला निघायच्या बेतात तो डबा हातात घेऊन उभा राहिला. "अवं, लोकं इचारून राह्यले, मांढरे, बैल म्हणजे तूच का? हे काय हाय?"

"बैल नाई. नाच हाय. पोटाचा."

"पोटाचा?"

"दाखवू का?"

पट्टा ओट्यावरच होता. हात पुसून तिने तो उचलला. एवढ्यात कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. अजयने दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"लोकं हासतीन वं," तो म्हणाला. रागाने नाही, खरंच काळजीने.

"हासू द्या. तुमी येसान?"

"दुसरी पाळी हाय ना." आणि तो गेला.

रंजीता पट्टा हातात धरून उभी राहिली. मग कुणीच नव्हतं म्हणून तिने तो बांधला, आणि कुणीच नव्हतं म्हणून सोडून ठेवला.

तान्ह्या पोळ्याला आभाळ उघडं होतं. मैदानात पोट्ट्यांची ही गर्दी. प्रत्येकाच्या दोरीला एक लाकडी नंदी, कुणाचा चाकावर, कुणाचा हातात. कार्यक्रम संपला की दारोदार नंदी फिरवून बोजारा, म्हणजे खाऊ आणि चार नाणी, गोळा करायचा. त्यामुळे पोट्ट्यांचा एक पाय मैदानात होता आणि एक पाय बाहेर. स्टेजच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं मोठं तोरण. बाजूला सुकलूचे बैल. अंगावर झूल, शिंगं रंगवलेली, कपाळाला बाशिंग. स्टेजमागे रंभाबाई रंजीताला तपासत होत्या. काळा झगा, गळ्यापासून घोट्यापर्यंत, त्यावर लाल पट्टा.

"एवढं झाकलं तं पोट दिसन कसं?"

"तुमीच तं झाका म्हटलं."

"म्हटलं. पण एवढं आयकाचं नसते."

प्रफुलभाऊंनी माइकवर बळीराजाच्या सख्याला वंदन केलं, भाषण लांबवलं आणि "पारंपरिक बैल डान्स!" अशी आरोळी दिली. पहिल्या रांगेतल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. शेकडो मोबाइल वर झाले. पेन ड्राइव्हवरची ढोलकी सुरू झाली, रंजीता पुढे आली. तिने पोट सोडलं, पहिली लाट निघाली, चकत्या वाजल्या.

ते बैलांनीही ऐकलं. पोळ्याला घुंगरं वाजली की पुढे चालायचं, एवढंच त्यांना आयुष्यभर शिकवलेलं. डावा बैल निघाला. सुकलू "हो, हो, राजा" करत कासरा ओढत होता, पण राजा आज सजलेला होता, ऐकतो कशाला! तो सरळ स्टेजपाशी आला, मान वर केली, तोरणाची पानं बघितली आणि अख्खं तोरण एका हिसक्यात खाली ओढलं.

आता या भागात तोरण तुटलं की त्याचा एकच अर्थ, पोळा आटोपला, आता सुटायचं. मागून एक पोट्टा ओरडला, "पोळा फुटला!" दुसरा ओरडला. मग सगळं मैदान ओरडलं, आणि नंदी घेऊन पोट्टी धूम पळाली. पोट्ट्यांमागे आया, आयांमागे बाप. साहेबांनाही वाटलं कार्यक्रम संपला, म्हणून ते उठले आणि त्यांच्यामागे समिती. प्रफुलभाऊ माइकवर "बसून घ्या, बसून घ्या" म्हणत स्वतःही पायऱ्या उतरत होते.

रंजीता हात अर्धे वर केलेले तशीच उभी. हसू, आरडाओरडा, धूळ. एवढ्यासाठी संहिता लिहिली, एवढ्यासाठी लाज गिळली. घरी जावं, पट्टा अडगळीत टाकावा. ती वळलीसुद्धा.

"बाई," खालून सुकलू म्हणाला, "बाजा तं वाजूनच राह्यला."

खरंच वाजत होता. पेन ड्राइव्हला पोळा फुटलेला कळला नव्हता. रंजीताने समोर पाहिलं. ज्यांना पळता येत नाही अशा गुडघेवाल्या बायका खुर्च्यांवर होत्या. रंभाबाई होत्या. सुकलू होता, आणि तोरण चघळणारे दोन बैल. मागे चिमणीचा धूर सरळ वर जात होता. आता गाण्याचा संथ भाग आला होता, तिला सगळ्यात आवडणारा.

ती नाचली. पोटावर झग्याखाली आडवा व्रण होता, त्याच्यावरून लाट गेली आणि कुठेही अडली नाही. डोळे मिटले तेव्हा बोडीचं पाणी होतं, डोंगा होता; उघडले तेव्हा रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि दोन्हींत फार फरक वाटला नाही. एका क्षणी तर बैलानेही चघळणं थांबवलं. मग गाणं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कमळाताईंनी फक्त डोळ्यांना पदर लावला आणि गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजय घरीच होता. रंजीताने भात ठेवला होता. तो स्वयंपाकघरात आला, खुर्ची ओढून बसला, उगाच उठला, पुन्हा बसला. हातात मोबाइल.

"काल कंट्रोल रूममध्ये सगळे पाह्यत होते," तो म्हणाला. "दहा जणायनं दहा व्हिडिओ पाठवले."

"मंग?"

"सगळ्यात बैलच हाय. तोरण ओढते, मंग पोट्टे पळतेत, मंग बंद." त्याने बोटाने पुढचा व्हिडिओ लावला. "तू कोणत्याच व्हिडिओत नाई. एकात हात दिसते नुसता."

रंजीताला हसू आलं आणि त्याच जागी काहीतरी दुखलं. "मंग पाह्यलं ना बैल."

"बैल नाई पाह्याचा मले." त्याने मोबाइल उपडा ठेवला. खाली बघत, एखादं बिघडलेलं मशीन कुठून उघडावं ते न सुचल्यासारखा म्हणाला, "त्या दिवशी तू दाखवतो म्हनत होती. दाखव ना."

शेकडो मोबाइलसमोर ती स्टेजवर गेली होती, पण या एका खुर्चीसमोर तिने आधी उगाच गॅस बारीक केला. साधी सुती साडी, हाताला तांदळाचं पाणी, बाजा नाही. तिने पदर खोचला. कुठून सुरू करावं कळेना, म्हणून जिथून रोज सुरू करते तिथूनच केलं. आधी श्वास, मग पोट, मग लाट. इतके दिवस तिला वाटत होतं, या माणसाने एकदा आपल्याकडे बघावं, आणि तो बघत असताना आपण त्याचं बघणं बघावं. पण लाट वर चढली तसे तिचे डोळे आपोआप मिटले. आणि ती निघाली. काठ मागे पडला, स्वयंपाकघर मागे पडलं.

अजय खुर्चीच्या कडेवर आला होता. तिच्या चेहऱ्यावर एक हसू होतं. इतक्या वर्षांत त्याने ते बघितलं नव्हतं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं.

"अवं," तो हळूच म्हणाला. मग जरा मोठ्याने, "अवं, इकडे पाह्य ना."

तिला ऐकू आलं. पण वळण अजून पुरं व्हायचं होतं.